विजेच्या गिटारीवरून साध्या गिटारीकडे

नाताळाच्या आधी पंधराएक दिवस नंदुरबारकडील एका खेड्यातून एक शेतकरी गृहस्थ सुरतेस आपल्या मुलाकडे आले होते. मुलगा उधन्यात काकांपाशी राहून यंत्रमागावर काम करी आणि रात्री लग्नासमारंभांत वाजविणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात विजेची गिटार वाजवी. गिटार त्याची नव्हती, ऑर्केस्ट्राच्या मालकाची होती. ऑर्केस्ट्रा मोडला आणि गिटार मालकाबरोबर गेली. आता मुलाने गावी परतून शेती पाहावी असे घरात ठरले होते. वडील माझ्यासमोर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "फादर, कापसाचे पैसे हाती आलेत. पोराच्या हातचं वाद्य गेलं तेव्हापासून तो नीट जेवत नाही. त्याला एक गिटार घेऊन द्यावी म्हणतो, पण एकदाच घेणार. विजेची घेतली तर तिचा भोंगा वेगळा घ्यावा लागेल, आणि आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. साधी घ्यावी, तर पोरगा म्हणतो की तिच्यावर माझा हात चालत नाही. हात चालत नाही म्हणजे काय? गिटार ती गिटारच ना?"

प्रश्न साधा होता, परंतु त्याने मी ओशाळलो. कारण तोच प्रश्न दुसऱ्या रूपाने कित्येक वर्षे माझ्यासमोर पडून होता आणि मी त्याचे चुकीचे उत्तर देत आलो होतो. आमच्या गायनमंडळाच्या कपाटात एक जुनी गिटार आहे. एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याच्या घरून ती आम्हांस भेट मिळाली. एकामागून एक मुलांनी ती शिकावयास घेतली, बोटे सोलून घेतली आणि महिन्याभरात परत आणून ठेवली. मी स्वतः सेमिनरीत पेटी शिकलो. गिटारीचे मला काहीच कळत नव्हते. न कळणाऱ्या माणसाने गप्प बसावे, ते मी केले नाही. "चिकाटी नाही तुमच्यात," असे मी त्या मुलांना सुनावीत असे. त्यांतील एकाने पुढे कोणतेच वाद्य हाती धरले नाही, ही गोष्ट मला अजून बोचते.

तर मी तीच गिटार काढून त्या शेतकऱ्याच्या मुलाच्या हाती दिली. त्याने ती वाजविलीच नाही. आडवी धरून तारांखालून करंगळी फिरविली, मानेच्या टोकाकडे निरखून पाहिले आणि हसून म्हणाला, "फादर, ही दाबून वाजवायची नव्हे, सरकवून वाजवायची आहे." तारा आणि मान ह्यांच्यामध्ये सहज एक पेन्सिल सरकेल एवढी फट होती. मानेच्या टोकाशी ज्या पट्टीवरून तारा खुंट्यांकडे जातात तिला नट म्हणतात. त्या नटावर कोणीतरी एक खाचा पाडलेला लोखंडी तुकडा चढवून ठेवला होता. तारा सैल करताच तो तुकडा अलगद हातात आला.

वाचकहो, हे काय प्रकरण होते ते थोडक्यात सांगतो. गिटार धरण्याची एक रीत हवाई बेटांतून आली. तीत वाद्य मांडीवर आडवे ठेवावयाचे, तारा उंच करावयाच्या आणि बोटांनी न दाबता पोलादी कांडी तारांवरून सरकवावयाची. ती रीत जोसेफ केकुकू नावाच्या हवाईयन तरुणाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आणली असे मानले जाते. जगात विजेची गिटार म्हणून 1932 साली अमेरिकेत जी प्रथम विक्रीस आली, तीही ह्याच मांडीवरच्या जातीची होती. आपल्या देशात तर एका पिढीला गिटार म्हणजे हवाईयन गिटारच ठाऊक होती. चित्रपटगीतांच्या सुरावटी व्हॅन शिप्ले ह्यांच्या वादनातून घराघरांत पोहोचल्या. ब्रिजभूषण काब्रा ह्यांनी त्याच रीतीने गिटारीवर राग वाजविले आणि 1967 सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' ह्या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया ह्यांच्या जोडीने भाग घेतला. आमच्या रेल्वेवाल्या गृहस्थांनीही त्याच काळी हौसेने तो तुकडा बसविला असणार. पुष्कळ घरांत आजोबांची म्हणून जी गिटार माळ्यावर असते, तिची हीच कथा असू शकते. नातवाच्या हाती देण्याआधी नटाकडे एकवार पाहावे.

तुकडा काढला, नव्या तारा चढविल्या. गिटार आता वाजू लागली. तरीसुद्धा मुलाच्या कपाळावर आठी होतीच. "हात जड जातोय," तो म्हणाला. ह्या जडपणाचे मूळ समजून घेतल्याशिवाय त्याच्या वडिलांचे पैसे खर्च करावयाचे नाहीत असे मी मनाशी ठरविले, आणि त्यानिमित्ताने जे शिकलो तेच येथे मांडतो.

पहिली गोष्ट तारांची. सुरतेत जरीचा धंदा मोगलांच्या काळापासून चालत आला आहे. सोन्यारुप्याची तार छिद्रांतून ओढून ओढून केसासारखी बारीक करावयाची, चपटी करून तिचा बादला करावयाचा आणि तो रेशमाच्या धाग्यावर गुंडाळावयाचा, म्हणजे कलाबतू झाला. आता पुष्कळशी जर तांब्याच्या तारेची किंवा प्लास्टिकच्या चकाकत्या पट्टीची असते, पण गुंडाळण्याची युक्ती तीच आहे. गिटारीच्या जाड तारांचीही युक्ती हीच. आत पोलादाची तार आणि तिच्यावर दुसऱ्या धातूच्या तारेचे वेटोळे. साध्या गिटारीच्या तारेवर वेटोळे काशाचे असते, विजेच्या गिटारीच्या तारेवर निकेल चढविलेल्या पोलादाचे. कारण विजेच्या गिटारीत तारेखाली लोहचुंबक असतो आणि त्यास लोखंडी जातीची तार हवी असते. काही तारांवर तर वेटोळ्यासाठी चपटी पट्टीच वापरतात. तशी तार मी एका जरीच्या कारागिराला दाखविली, तेव्हा त्याने ती नखाने चाचपून पाहिली आणि "हा तर आमचाच बादला," असे म्हणून मान डोलावली.

तारांची जाडी इंचाच्या हजारांशांत मोजतात. विजेच्या गिटारीवर पहिली तार बहुधा 9 किंवा 10 हजारांश जाडीची असते. साध्या गिटारीवर 12. फरक ऐकावयास क्षुल्लक वाटतो. परंतु लांबी आणि सूर कायम ठेवले, तर तारेचा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 9 चा वर्ग 81 आणि 12 चा 144, म्हणजे ताण जवळजवळ पावणेदोन पट. किलोत सांगावयाचे तर 9 हजारांशांची पहिली तार सुमारे 6 किलोने ताणलेली असते, 12 हजारांशांची साडेदहा किलोहून अधिक. सहाही तारांचा मिळून ताण पहिल्या संचात 38 किलोंच्या आसपास, दुसऱ्यात 73 च्या आसपास. एका धट्ट्याकट्ट्या माणसाचा भार ती मान दिवसरात्र सोसते आणि वाजविणाऱ्याच्या डाव्या हाताची चार बोटे त्या ताणाशी झगडतात. हात जड जातोय, असे तो मुलगा म्हणाला त्याचा अर्थ हा.

ह्यात आणखी एक मेख तिसऱ्या तारेची आहे. विजेच्या गिटारीवर ती नुसती पोलादी असते, साध्या गिटारीवर वेटोळ्याची. ऑर्केस्ट्रातील मुले ही तार बोटाने बाजूला ओढून सूर चढवितात. आपल्या सतारीतील मींडच म्हणा ना. वेटोळ्याची तार तेवढीच ओढली तरी सूर तेवढा चढत नाही. मुलाला वाटते आपला हात गेला. हात गेलेला नसतो. तार निराळी असते.

मग साध्या गिटारीवर बारीक तारा का लावू नयेत? लावता येतात, आणि नवशिक्याने जरूर लावाव्यात. पण त्याची किंमत द्यावी लागते. विजेच्या गिटारीत आवाज मोठा करण्याचे काम यंत्र करते. तारेने चुंबकापुढे नुसते थरथरावयाचे. साध्या गिटारीत तारेला स्वतःच घोडीमार्फत वरची पातळ लाकडी फळी हलवावी लागते, आणि फळी हलली तरच हवा हलते. बारीक तार फळीला कमी जोराने हलविते, आवाज लहान होतो. मधला मार्ग 11 हजारांशांच्या संचाचा. त्याचा ताण पासष्ट किलोंच्या आसपास येतो. 10 चा संच त्याहून हलका. दुसरी एक युक्ती फुकटात होते: सर्व तारा अर्धा स्वर उतरवून लावाव्यात. तेवढ्याने ताण अकरा टक्के कमी होतो. पेटीबरोबर गावयाचे असेल तेव्हा पहिल्या पडद्यावर कॅपो नावाचा चिमटा लावला की सूर पुन्हा जागेवर येतो, आणि नटाचा उंचपणाही काही अंशी झाकला जातो.

आता मानेविषयी. हा भाग मला सर्वांत मौजेचा वाटला. विजेच्या गिटारीची मान नटापाशी 42 ते 43 मिलिमीटर रुंद असते. साध्या गिटारीची 43 ते साडेचव्वेचाळीस. एकदीड मिलिमीटर म्हणजे काय मोठेसे? पण बोटांना ते कळते, जसे भाकरी करणाऱ्या बाईला परातीचा बदल कळतो. नायलॉनच्या तारांची जी स्पॅनिश गिटार असते तिची मान 52 मिलिमीटर रुंद असते. तिच्या तारा मऊ म्हणून पुष्कळ आईबाप तीच घेतात, आणि विजेच्या गिटारीवरून आलेल्या मुलाच्या हातात ती पाटासारखी वाटते. येथे एक ताकीद देऊन ठेवतो. नायलॉनच्या गिटारीवर पोलादी तारा कधीही चढवू नयेत. तिचा पोटाचा भाग त्या ताणासाठी बांधलेला नसतो. घोडी उखडून येते.

मानेचा पृष्ठभाग सपाट नसतो, कौलासारखा किंचित बाकदार असतो. तो बाक किती, हे वर्तुळाच्या त्रिज्येने सांगतात. फेंडर कंपनीच्या जुन्या विजेच्या गिटारींत ती त्रिज्या सव्वासात इंच होती, नंतरच्या पुष्कळ गिटारींत साडेनऊ; गिब्सनच्या गिटारींत 12. मार्टिन कंपनीच्या साध्या गिटारीत 16 इंच, आणि स्पॅनिश गिटार तर सपाटच. त्रिज्या जितकी लहान तितका बाक जास्त, आणि बाक जास्त असला की तर्जनी आडवी टाकून सर्व तारा एकदम दाबणे सोपे जाते. बाकदार मानेला सरावलेली तर्जनी सपाट मानेवर मधल्या तारांना पुरेशी दाबत नाही आणि त्या तारा मुक्या राहतात.

तिसरी गोष्ट ध्यानात यावयास मला उशीर लागला. मुलगा म्हणे, "मान जाड आहे." आम्ही सुतारी मापकाने मोजून पाहिले. त्याच्या मित्राच्या विजेच्या गिटारीची आणि आमच्या गिटारीची मान पहिल्या पडद्याशी जवळजवळ सारखीच जाड भरली! दोष मानेचा नव्हता, पोटाचा होता. विजेच्या गिटारीचे अंग साडेचार सेंटिमीटर जाड, मोठ्या साध्या गिटारीचे बारा. एवढे पोट कवेत घेतले की उजवा खांदा वर येतो, वाद्य पुढे सरकते, डाव्या मनगटाचा कोन बदलतो, आणि मग तीच मान हाताला परकी वाटू लागते. म्हणून लहान अंगाची गिटार घेतली की निम्मी तक्रार नाहीशी होते. जुन्या स्वस्त गिटारींत मुसळासारख्या माना असतात हेही खरे. पण ते मोजून ठरवावे, नुसत्या भासावर विसंबू नये.

मान अंगाला कोठे मिळते हेही पाहावे लागते. विजेच्या गिटारीवर सतराव्या, विसाव्या पडद्यापर्यंत हात सरळ जातो. साध्या गिटारीत चौदाव्या पडद्यापाशी पोट आडवे येते, स्पॅनिश गिटारीत बाराव्यापाशी. हा चौदाव्या पडद्याचा प्रघातदेखील एका परक्या वाद्याच्या वादकामुळे पडला. पेरी बेक्टेल नावाचा बँजोवादक 1929 साली मार्टिन कंपनीकडे गेला आणि बँजोसारखी लांब मान असलेली गिटार त्याने मागितली. कंपनीने तशी करून दिली, आणि पुढे तीच रीत झाली. म्हणजे दुसऱ्या वाद्यावरून आलेल्या वादकाची तक्रार वाद्य बनविणाऱ्यांनी पूर्वीही ऐकली आहे. फेंडर कंपनीने तर 1960 नंतरच्या दशकात साध्या गिटारींना आपल्या विजेच्या गिटारींसारख्या, स्क्रूने जोडलेल्या माना बसवून पाहिल्या. त्या फारशा खपल्या नाहीत. पुढे कॅलिफोर्नियात 1974 साली सुरू झालेल्या टेलर कंपनीच्या सडपातळ माना विजेच्या वादकांना आवडल्या, आणि 2019 साली फेंडरनेच अकूस्टासॉनिक नावाची, दोन्ही जातींच्या मधली गिटार काढली. असो. ही सारी धनवानांची वाद्ये. आपल्याला आपल्या कापसाच्या पैशांत बसवावयाचे होते.

एका रविवारी दुपारी आम्ही तिघे दुकानांत फिरलो. पहिल्या दुकानात, त्याचे नाव सांगत नाही, मालकाने मोठ्या पोटाची, चकचकीत काळी गिटार पुढे केली आणि "बोटे दुखणारच, सवय होते," असे सांगितले. माझेच जुने वाक्य माझ्या कानांवर आले. मुलाने शिकविल्याप्रमाणे मी तार तिसऱ्या पडद्यावर दाबून पाहिली आणि पहिल्या पडद्यावर किती फट राहते ते पाहिले. तेथे कागद जाईल एवढीच फट हवी. दोन पोस्टकार्डे सहज जात होती. ह्याचा अर्थ नटाच्या खाचा उथळ होत्या. खाचा उथळ असल्या की पहिल्या तीन पडद्यांवर, म्हणजे नवशिक्याची सारी कामगिरी जेथे चालते नेमके तेथेच, बोटांना दुप्पट कष्ट पडतात. मग बाराव्या पडद्यावर तारेची उंची पट्टीने मोजली, ती चार मिलिमीटर भरली. विजेच्या गिटारीत ती दीडच्या आसपास असते. साध्या गिटारीत दोन ते अडीच असली म्हणजे पुरे. शेवटी मान डोळ्यांशी धरून बंदुकीसारखी नेम धरून पाहावी. तार पहिल्या आणि चौदाव्या पडद्यावर एकाच वेळी दाबली असता मध्ये सातव्यापाशी पोस्टकार्डाएवढी फट दिसावी. त्याहून फार जास्त असेल तर मान पुढे वाकली आहे. ती सरळ करण्यासाठी मानेच्या आत एक लोखंडी सळई असते. ती किल्लीने पाव फेरा फिरवितात. पण हे काम जाणत्याने करावे. घाईने पिळली की सळईचा आटा जातो.

दुसऱ्या दुकानात लहान अंगाची, 43 मिलिमीटर मानेची, मागच्या बाजूस चकाकी नसलेली गिटार मिळाली. चकाकीचा मुद्दा सुरतेच्या हवेत राहणाऱ्याला समजावून सांगावयास नको. घामेजलेला अंगठा गुळगुळीत रोगणावर चिकटतो आणि हात सरकत नाही. दुकानातील कारागिराने नटाच्या खाचा कानशीने खोल केल्या, घोडीवरचे हाड थोडे घासले आणि 11 चा संच चढविला. तासाभराचे काम झाले. ह्या मजुरीला वडील आधी कुरकुरले. मग मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून गप्प झाले.

वरची फळी सबंध लाकडाची घ्यावी की थरांची, असा एक प्रश्न उरला होता. सबंध फळीचा आवाज अधिक गोड, ह्यात वाद नाही. तरी मी थरांचीच घ्यावयास सांगितले. कारण ही गिटार सुरतेहून भुसावळच्या गाडीने खानदेशात जाणार होती. लाकूड दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते. तापीकाठच्या पावसाळ्यात फळी फुगून तारा वर उचलल्या जातात, आणि वादक म्हणतो गिटार कडक झाली. वैशाखात खानदेशात तीच फळी आकसून खाली बसते, तारा पडद्यांवर खरखरतात, मानेच्या कडांना पडद्यांची टोके बोटाला लागतात, आणि सबंध फळीला कधी कधी उभी चीरही जाते. थरांचे लाकूड हे सारे पुष्कळ सोसते. पत्र्याच्या छपराखाली, खुंटीवर उघडी टांगून ठेवू नये. पेटीत घालून घराच्या मधल्या खोलीत, भिंतीपासून दूर ठेवावी. आणि उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तर क्षणभरही सोडू नये, कारण तापलेला सरस सुटला की घोडी उचलते.

मुलगा जानेवारीत गावी गेला. नंतर त्याचा फोन आला. पहिले तीन आठवडे बोटांची टोके दुखली, मग घट्टे आले. रोज पंधरा मिनिटांच्या दोन बैठकी, त्याहून अधिक नाही, असे मी सांगितले होते. त्याने ते पाळले. तिसरी तार ओढून सूर चढविणे त्याला अजून साधत नाही. त्याऐवजी तो पडद्यावरून बोट घसरवीत सुरावर जातो. "फादर, विजेची वाजवताना आवाज लांबत राही, बोट कुठे सोडायचं ते मला कधी शिकावंच लागलं नव्हतं," असे तो म्हणाला. साध्या गिटारीवर सूर लवकर विझतो, म्हणून डावे बोट नेमके पडद्याला लागून ठेवावे लागते. आता त्याला ते जमू लागले आहे, आणि तेथे जोर कमी लागतो हेही त्याच्या ध्यानात आले आहे.

आमची जुनी गिटारही नीट करून घेतली आहे. ज्याने वाद्य कायमचे सोडले होते त्या तरुणाला मी निरोप धाडला. तो आता दोन मुलांचा बाप आहे. तो आला, एक कॉर्ड धरून पाहिला आणि म्हणाला, "एवढं सोपं होतं?" मी काही बोललो नाही. तो लोखंडी तुकडा काढून मी मेजावर ठेवला होता, तो त्याला दाखविला.